डोंगराच्या वाटा आपण लिहून काढू
(मुक्ताईनगर येथील गावबैठकीत झालेलं भाषण)



आज आपण सामूहिक दाव्याच्या कामाला बसलोय. कागदाला हात लावायच्या आधी डोंगराबद्दल बोलू. डोंगर नीट सांगता आला नाही, तर दावा कच्चा राहतो.

उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, आणि मधे आपला सातपुडा. मावळतीला अक्राणी-तोरणमाळ, मग शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. पुढे बऱ्हाणपूरची खिंड आणि अशीरगड. त्या खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची मोठी वाट हीच. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला, तो ही वाट हातात यावी म्हणूनच.

डोंगराच्या पायथ्याला दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड पट्टा आहे. पावसाळ्यात वरून येणारे नाले त्यात जिरतात. तेच पाणी खाली यावल-रावेरच्या विहिरींना लागतं, त्यावर केळी उभी राहते. वरचं रान उघडं पडलं की माती वाहून येते, पट्टा गाळाने बुजतो, पाणी जिरत नाही. म्हणून रान राखायचं काम फक्त आदिवासींच्या पोटासाठी नाही, खालच्या बागाईतदाराच्याही पोटासाठी आहे. हे त्यांनाही जाऊन सांगा.

आता इतिहास. १८१८ ला इंग्रजाने खानदेश घेतला, पण डोंगर त्याला आवरला नाही. म्हणून १८२५ ला औट्रम साहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली. १८५७ ला खाज्या नाईक, भीमा नाईक उठले. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला लढाई झाली, आपली माणसं पडली. इंग्रजाला वाटा ठाऊक नव्हत्या, आपल्या माणसाला होत्या, म्हणून लढा इतका टिकला. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. रान राखीव झालं. वाटा त्याच राहिल्या, पण त्यावरून मोळी आणणारा चोर ठरला.

आज त्याच वाटांवर शहरातली पोरं पाठीवर पिशव्या बांधून येतात. तोरणमाळला जातात, पालला जातात, पावसाळ्यात मनुदेवीचा धबधबा बघतात. त्यांच्यावर आपला राग नाही. डोंगर चढायचा आनंद आपल्यालाही कळतो. दिवाळीला अस्तंब्याच्या यात्रेला रात्रभर चढणारी आपलीच माणसं ना? पाहुणा आला तर पाणी द्यायचं, वाट दाखवायची.

पण प्रश्न वेगळा आहे. वाट कुठून जाणार, हे कोण ठरवणार? पावती कोण फाडणार? पैसा कुठल्या गावात राहणार? तिकीट काढून येणाऱ्याची गाडी आत जाईल आणि मोहू वेचणारी बाई नाक्यावर अडेल, असं होऊ द्यायचं नाही.

आपल्या वढोदा-डोलारखेड्याकडचं रान २०१४ पासून मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, सुमारे १२२ चौरस किलोमीटर. मेळघाटाकडून येणाऱ्या वाघाची ही वाट. वाघ आपला जुना शेजारी, त्याच्याशी भांडण नाही. पण वन्यजीव कायद्याच्या ३६-क कलमात स्थानिक लोकांशी सल्लामसलत सांगितली आहे, आणि अशा क्षेत्राच्या समितीवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. आपला प्रतिनिधी कोण, हे उद्याच पंचायतीत जाऊन विचारा.

आता कामाचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या परंपरागत हद्दीतलं रान राखायचा, वापरायचा, त्याचा कारभार करायचा हक्क ग्रामसभेला दिलाय. अभयारण्यातलं रानही यात येतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ साली मिळाला. तो कागद हातात असेल, तर पर्यटनाच्या योजनेवर आपल्याला मांडीला मांडी लावून बोलता येतं. नसेल, तर आपण फक्त गाडीला रस्ता देणारे.

पुरावा कुठून आणायचा? तो डोंगरातच आहे. नियम १३ वाचा. चराईच्या जागा, कंदमुळं-फळांच्या जागा, मासे धरायचे डोह, पाणवठे, देवाची झाडं, मसणवटा, हे सगळं पुराव्यात धरलंय. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. अमुकच कागद आणा, असा हट्ट कोणी धरू शकत नाही. मात्र एकावर थांबू नका, दोन-तीन तरी पुरावे जोडा.

म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा:

१. दोन म्हातारे, दोन बाया आणि दोन शिकलेली पोरं मिळून शीव पायी फिरा. बायांना मोहू, चारोळी, डिंकाच्या जागा जास्त ठाऊक असतात.

२. प्रत्येक नाल्याचं, टेकडीचं, झाडाचं आपलं नाव लिहा. आपल्याच बोलीत लिहा.

३. शेजारच्या गावाला आधी निरोप द्या. शिवेवर वाद असेल तर बसून मिटवा, दोघांच्या सह्या घ्या.

४. ग्रामसभेत निम्मी माणसं हवीत, त्यात एक तृतीयांश बाया. हजेरी कमी असेल तर ठराव करू नका, पुन्हा सभा बोलवा.

५. दावा दिला की पोच घ्या. फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे जा.

आपण नावं लिहिली नाहीत, तर उद्या कुणी नवा फलक लावील आणि आपल्या नातवंडांना आपल्याच टेकडीचं नाव त्या फलकावर वाचावं लागेल. वह्या-पेन्सिली आणल्यात. जाताना प्रत्येक गावाने एक वही न्या.

जल, जंगल, जमीन, आमच्या हक्काची! जिंदाबाद!