सम्यक आजीविका आणि पुस्तकाची किंमत



६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. गावाकडचा माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तक घेतो. समजा, एखादे पुस्तक निम्म्या किमतीत मिळते, पण ते अनुवादकाला न विचारता छापलेले आहे. आपण ते विकायचे का? घ्यायचे का?

बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला; ते कोणीही छापावे. पण आजच्या अनुवादकाचा हक्क राहतोच. एकीकडे गरिबाच्या हाती ज्ञान, दुसरीकडे कष्टाचा मोबदला. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून तर पेच!

१९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम काय करायचे ते सांगतो; तत्त्व विचार करायला लावते, जबाबदारी आपल्यावर टाकते. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य, विष हे पाच व्यापार भगवंतांनी उपासकांना वर्ज्य सांगितले. पुस्तक त्या यादीत नाही. पण न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील इथेही लागू पडते.

म्हणून आपण अनुवादकाची परवानगी घेऊ, वर्गणी काढू आणि गरजूला पुस्तक स्वस्तात देऊ. दुसऱ्याच्या खिशातून दान करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवू या.

नमो बुद्धाय! जय भीम!