पक्ष्याचा डोळा आणि आपले पाऊल



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टरने कॅमेऱ्याविषयी बोलावे, हे थोडे वेगळेच. पण विषय मीच निवडावा असे संयोजकांनी सांगितले, आणि थंडीतल्या रविवारी सकाळी मी कुठे असतो हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शिवाय आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. वडील निवृत्त होतात, परदेशातला मुलगा चांगला कॅमेरा आणि लांब लेन्स आणून देतो, वडील वढवाणा तलावावर जाऊन पाचशे फोटो काढतात. मग दवाखान्यात औषधाच्या पुड्या घेता घेता विचारतात, "डॉक्टर, एवढे पैसे घातले, तरी फोटो अस्पष्ट का?" आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

वढवाणा तलाव डभोई तालुक्यात, इथून साधारण पन्नास किलोमीटरवर. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या सुमारास, बडोदा संस्थानाने तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला. पाणी शेतकऱ्यासाठी साठवले आणि हिवाळ्यात त्यावर हिमालयापलीकडचे पाहुणे उतरू लागले. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पट्टकादंब, नाना जातींची बदके, कपाळी पांढरा टिळा लावून थव्याने फिरणारे वारकरी, लांब गुलाबी पायांचे शेकाटे हे सगळे तिथे दिसतात. शिकायला याहून चांगली शाळा नाही.

आता मूळ तक्रारीकडे वळू. 'अस्पष्ट' हा रोग नव्हे, लक्षण आहे. ताप म्हटला की जशी एकच पुडी देता येत नाही, तसेच हे. फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहा. लक्षणे चार प्रकारची दिसतील.

पहिला प्रकार : पक्षी, फांदी, पाने, सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसते. हा हाताचा कंप. जुना नियम असा, की लेन्स पाचशे मिलिमीटरची असेल तर शटर स्पीड निदान १/५०० सेकंद हवा. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर १/७५० धरा. साठीनंतरच्या हातांसाठी मी १/१००० सांगतो. कोपर अंगाशी घ्या, भिंतीचा किंवा झाडाचा आधार घ्या. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करा आणि खिडकीवर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेका. महागड्या स्टँडचे पुष्कळसे काम ती पिशवी करते.

दुसरा प्रकार : फांदी स्पष्ट, पक्षी मात्र फराटल्यासारखा. ही पक्ष्याची हालचाल. इथे थोडे गणित करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला दहा मीटर जातो. शटर १/२५० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात तो चार सेंटीमीटर सरकतो, १/२००० ठेवले तर अर्धाच सेंटीमीटर. त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवला की अंगाचा फराटा आणखी कमी होतो, पण पंखांची टोके अंगाहून वेगाने हलतात. म्हणून उडत्या पक्ष्याला १/२०००, वेड्या राघूसारख्या चपळ पक्ष्याला १/३२००. एवढ्या वेगाला प्रकाश कमी पडतो, तेव्हा आयएसओ वाढवावा लागतो. त्याला पुष्कळजण घाबरतात, कारण फोटोत दाणे येतात. दाणे नंतर कमी करता येतात, फराटा पुसता येत नाही. आयएसओ 'ऑटो'वर ठेवा आणि शटर स्पीड आपल्या हातात ठेवा.

तिसरा प्रकार : पक्षी अस्पष्ट, पण त्याच्या पुढचे गवत किंवा मागची काडी अगदी रेखीव. फोकस चुकला. पाचशेच्या लेन्सने, एफ ५.६ वर, दहा मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो घेताना लहान सेन्सरवर जेमतेम नऊ सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. अर्धी वीतसुद्धा नाही. बगळ्याची चोच त्या पट्ट्यात आली तर डोळा बाहेर राहू शकतो. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखण्याची सोय असते, ती चालू करा. फोकस 'सतत' प्रकारावर ठेवा, म्हणजे पक्षी हलला तरी कॅमेरा त्याचा माग सोडत नाही. पंखाचे टोक थोडे धूसर चालते, पण डोळा धूसर असेल तर फोटो मेलेला वाटतो. शुभ्र बगळ्याला एक्सपोजर थोडे कमी करा, नाहीतर पिसांऐवजी नुसता चुना दिसतो.

चौथा प्रकार विचित्र. वेग बरोबर, फोकस बरोबर, तरी कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. हा हवेचा दोष. ऊन चढले की जमीन आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि लाखो रुपयांची लेन्ससुद्धा त्यातून आरपार पाहू शकत नाही. उपाय दोनच : सकाळी लवकर जा, किंवा अंतर कमी करा.

आणि मंडळी, 'अंतर कमी करा' म्हटले की माणूस पुढे चालू लागतो. माझे खरे बोलणे इथून पुढचे आहे.

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण द्रोणाचार्यांचा पक्षी कृत्रिम होता. आपल्यासमोरचा जिवंत आहे, आणि आपण त्याच्या डोळ्याकडे पाहण्याआधी त्याने आपल्याला पाहिलेले असते. खाणे थांबवून त्याने मान ताठ केली, पिसे अंगाशी घट्ट घेतली, की समजावे तो घाबरला. तिथेच थांबा, हळूच खाली बसा. पुढे गेलात तर तो उडेल आणि फोटोत त्याची पाठ येईल. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पट्टकादंबांचा थवा एका फोटोसाठी उठवणे म्हणजे त्यांनी खाऊन साठवलेली ताकद उधळणे. त्यांना परतही जायचे असते. अर्धा तास निमूट बसलात तर पुष्कळदा पक्षीच चरत चरत जवळ येतो. बुजरा रोगी दहा प्रश्नांनी बोलत नाही, डॉक्टर गप्प बसला की बोलू लागतो, तसेच हे.

नजर कॅमेऱ्यात आणि पाय पुढे, यातला धोका फक्त फोटोचा नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, चार खड्यांमध्ये अंडी घालते. रंग असा मातकट, की दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. आम्हा जैनांत साधूंसाठी ईर्यासमिती सांगितली आहे : चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, पायाखाली जीव येऊ नये. मार्चनंतर माळावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने, तो कोणत्याही धर्माचा असो, हा नियम पाळावा. पाय वाचले तरी संपत नाही. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. आपण जवळ ठाण मांडून बसलो की ती घिरट्या घालत ओरडते. आपल्याला वाटते, काय छान उडते आहे! फोटो अप्रतिम येतात, आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी तीन गोष्टी सोडायला सांगतो. घरट्याचा फोटो नको. पुढची फांदी छाटणे तर मुळीच नको, कारण आपल्याला मोकळे दिसते ते कावळ्यालाही दिसते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे नको, कारण आपल्या हद्दीत शत्रू शिरला असे समजून तो भांडायला येतो. कित्येक स्पर्धांत घरट्याचे फोटो आता घेतही नाहीत, पण स्पर्धा नसली तरी हे पाळायला हवे.

पुढच्या डिसेंबरात ज्यांना वढवाण्याला यायचे असेल, त्यांनी पहाटे पाचला निघण्याची तयारी ठेवावी. मातकट रंगाचे कपडे, पायांत आवाज न करणारे जोडे आणि बसायला एक सतरंजी. नातवंडांना जरूर आणा, पक्ष्यांची मराठी नावे त्यांच्या कानी पडू द्या. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहील. पक्ष्यांना आपली सवय झाली, ते पुन्हा चरू लागले, की मग बाहेर काढायचा.