त्या रुग्णाचा नेहमीचा दाब



 डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि शस्त्रक्रियेसाठी लांबलांबचे रुग्ण या गावाची वाट धरू लागले. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन हे दोन तरुण भुलीसाठी इथर देताना रुग्णाची नाडी कागदावरच्या तक्त्यात टिपत होते. पुढे १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीतून रिव्हा-रोच्ची यांचा दंडाला बांधायचा पट्टा अमेरिकेत नेला आणि त्या तक्त्यात नाडीशेजारी रक्तदाबही आला. तो आकडा आजही आपण भूलतज्ज्ञ दर पाच मिनिटांनी लिहितो. या परिषदेचा विषय त्याच आकड्याभोवतीचा आहे: उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला भूल देणं.

हर्निया असो, पित्ताशय असो की गुडघा, आपल्या यादीत बीपीची गोळी घेणारं कुणीतरी असतंच. अशा रुग्णाला प्रोपोफॉल दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब झपाट्यानं उतरतो. लगेच लॅरिंगोस्कोप आत जातो आणि तोच दाब उसळतो. उसळी दाबायला आपण फेंटानिल, एस्मोलॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन देतो. मग श्वासनळीत नळी बसते, सर्जन हात धुऊन येईपर्यंत रुग्णाला काहीच टोचत नसतं, आणि दाब पुन्हा घसरतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या निवांत भासणाऱ्या मिनिटांची. प्रोपोफॉलऐवजी इटोमिडेट दिलं तर दाब बऱ्यापैकी टिकतो, पण एका मात्रेनंही कॉर्टिसॉलची निर्मिती काही तास मंदावते. केटामाइन एकटं दिलं तर नाडी आणि दाब दोन्ही चढतात.

म्हणून ‘सर्वांत सुरक्षित औषध कोणतं’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. औषध किती दिलं, किती सावकाश दिलं आणि या माणसाचा नेहमीचा दाब किती, हे मी आधी विचारेन. वर्षानुवर्षं दाब चढलेला असतो तेव्हा मेंदूची रक्तपुरवठा सावरून धरण्याची कक्षाच वर सरकते. निरोगी तरुणाला पुरणारा सरासरी ६५चा दाब अशा रुग्णाला कमी पडू शकतो. जोखमीच्या मोठ्या शस्त्रक्रियांत वरचा दाब रुग्णाच्या नेहमीच्या दाबाच्या १० टक्क्यांच्या आत राखला, तर अवयवांना होणारी इजा कमी होते, असं फ्रान्समधल्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घ्यायच्या बीपीच्या गोळीचाही विचार व्हायला हवा. चालू असलेला बीटा ब्लॉकर तोडायचा नाही. पण शस्त्रक्रियेच्या तोंडावर तो नव्यानं, मोठ्या मात्रेत सुरू करणं महागात पडतं: २००८ च्या ‘पॉइझ’ अभ्यासात हृदयविकाराचे झटके घटले, पक्षाघात आणि मृत्यू मात्र वाढले. रक्तदाबावरचं टेल्मिसार्टन तर घरोघरी पोचलं आहे. त्याचा अंमल इतका लांबतो की एक दिवस गोळी चुकवली तरी औषध शरीरात उरतंच, आणि अशा रुग्णाचा घसरलेला दाब, तो चढवायला दिलेल्या मेफेंटरमीनला दाद देईलच असं नाही. फेनिलेफ्रिन किंवा नॉरअॅड्रेनालिन आधीच भरून ठेवलेलं बरं. आणि टेबलावर दाब चढलेला दिसताच जिभेखाली निफेडिपिन देण्याची सवय कुठे उरली असेल, तर ती आता सुटायला हवी. त्यानं दाब किती खाली जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

वक्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तालुक्याच्या छोट्या इस्पितळात इटोमिडेट नसतं, इन्फ्युजन पंप नसतो, धमनीतला दाब सतत दाखवणारी सोय तर दूरच. आपल्यातले कितीतरी जण स्वतःची बॅग घेऊन अशा ठिकाणी एकट्यानं भूल देतात. आपली प्रत्येक शिफारस सांगताना तिथे काय करता येईल, हेही सांगा. त्यासाठी प्रत्येक सत्राच्या शेवटी चर्चेला वेळ राखून ठेवला आहे, आणि पहिले प्रश्न या छोट्या इस्पितळांतून आलेल्या सहकाऱ्यांनी विचारावेत, असं स्वागत समितीनं ठरवलं आहे.