गुण आपोआप पोचत नाहीत
(हिंगणघाट येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला ‘शाळेच्या आठवणी’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. पण सकाळपासून शाळेची घंटा, छड्या, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, सगळं बोलून झालंय. म्हणून मी दोन फॉर्मची गोष्ट सांगतो. एक फॉर्म माझा, १९८९ चा. दुसरा माझ्या पुतणीचा, २०२३ चा.

बारावी सायन्सला आपल्यातले नऊ-दहा जण होतो. डॉक्टर व्हायचं म्हणजे काय करायचं, हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत तेव्हा बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. सेवाग्रामचं मात्र वेगळं होतं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या त्या संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तर होतंच, पण गांधी विचारांवर एक स्वतंत्र पेपरही असायचा.

आपले सायन्सचे सर एका रविवारी एसटीने सेवाग्रामला गेले आणि स्वतःच्या पैशाने तीन फॉर्म घेऊन आले. तीन, कारण तेवढेच पैसे त्यांच्या खिशात होते. त्यातला एक मला दिला. मी म्हटलं, “सर, माह्याच्यानं नाही होणार.” सर म्हणाले, “होणार का नाही, ते पेपर तपासणारा ठरवील. तू कशाला ठरवतो?” मग त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ हातात ठेवलं आणि रोज संध्याकाळी त्यातलं विचारायला लागले. फॉर्मवरचा फोटो, दाखल्याची खरी प्रत, पाकिटावरचा पत्ता, एकेक गोष्ट त्यांनी डोळ्यांखालून घातली.

माझी निवड झाली नाही. पुढे बँकेत लागलो आणि पस्तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. पण सेवाग्रामचं दुःख मनात राहिलं नाही. परीक्षेला बसलो, कमी पडलो, हिशेब चुकता झाला.

आता दुसरा फॉर्म.

माझी पुतणी आर्ट्सला होती. अभ्यासात आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार. तिला राज्यशास्त्र शिकायला दिल्लीला जायचं होतं. आपल्या काळात हे नुसतं स्वप्नच राहिलं असतं. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर लागली होती. आपल्या स्टेट बोर्डाच्या आर्ट्सच्या पोराने शंभर टक्के कुठून आणायचे? पण २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी आली. भाषा, आपले विषय आणि हवी असेल तर सामान्य चाचणी. एनटीए ही संस्था ती घेते. पेपर तेरा भाषांत मिळतो, त्यात मराठी आहे. बारावी पास व्हावंच लागतं, पण चुरस या परीक्षेच्या गुणांची.

पोरीने वर्षभर एनसीईआरटीची पुस्तकं वाचली, कारण पेपर त्यांवर निघतो. नागपूरला जाऊन परीक्षा दिली. जुलैच्या मध्यात निकाल लागला. तीन विषयांत नव्वदच्या वर पर्सेंटाइल! आम्ही गल्लीत पेढे वाटले. आणि मग आम्ही वाट पाहत बसलो.

कशाची वाट? विद्यापीठाच्या पत्राची. सीयूईटीचा फॉर्म भरताना विद्यापीठांची नावं निवडली होती. मला वाटलं, झाला अर्ज. आता गुण तिकडे जातील आणि ते बोलावतील. ऑगस्टमध्ये तिच्या मैत्रिणीने विचारलं, “तुला कुठलं कॉलेज मिळालं?” तेव्हा कळलं. एनटीए परीक्षा घेते, गुण देते, प्रवेश देत नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची असते, आपले गुण तिथे जोडायचे असतात, अभ्यासक्रम आणि कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि हे सगळं ठरलेल्या तारखांच्या आत. त्या तारखा निघून गेल्या होत्या.

चूक कुणाची? विद्यापीठाची नाही. सूचना तिथे लिहिलेल्या होत्या. चूक माझी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्मवर ‘अपूर्ण’ असा शेरा मारणाऱ्या काकाने घरचाच फॉर्म अपूर्ण ठेवला.

मी परीक्षेत हरलो होतो. ती परीक्षेत जिंकली आणि खिडकीवर हरली. आज ती नागपूरला बी.ए. करते आहे, चांगली शिकते आहे. मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचंच जास्त लागतं.

तेव्हापासून मी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांशी बोलतो आहे. त्यातून कळलं, की तारखेइतकाच घोटाळा विषयांचा होतो. एका मुलाला दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं होतं. त्यासाठी सीयूईटीत गणिताचा पेपर लागतो. त्याने अकरावीतच गणित सोडलं होतं. हे त्याला बारावीच्या फेब्रुवारीत सांगून काय उपयोग? अकरावीच्या जूनमध्ये सांगायला हवं होतं. आणखी एक. केंद्रीय विद्यापीठ म्हणजे दिल्लीच असं नाही. आपल्या वर्ध्यातच १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तेही केंद्रीय विद्यापीठ आहे. एवढ्या जवळची गोष्ट, पण मी विचारलं तेव्हा वर्गात दोनच हात वर झाले.

सेवाग्रामलाही आता नीटच्या गुणांवर प्रवेश होतो. देशभराची एकच परीक्षा असावी की नाही, यावर वाद आहेत. क्लासवाल्यांचं फावलं, असं म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पण आपल्या गावच्या पोरासाठी दार थोडं उघडलं आहे, हेही खरं. फक्त दारापर्यंत नेणारं कुणी नाही. शहरातल्या मुलाला ते आई-बाप सांगतात, समुपदेशक सांगतो. आपल्याला सरांनी सांगितलं होतं.

म्हणून एक मागणं मागतो. या मेळाव्यातून जे पैसे उरतील, त्यांचा फळा किंवा पंखा घेऊ नका. शाळेत एक कॉम्प्युटर आणि इंटरनेट द्या. आणि पैशापेक्षा मोठं म्हणजे, वर्षातले तीन शनिवार द्या. पहिला जूनमध्ये, अकरावीच्या मुलांसाठी: कुठे जायचं असेल तर कोणता विषय सोडू नये. दुसरा, सीयूईटीचा फॉर्म निघेल तेव्हा. तिसरा, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, प्रत्येकाला शेजारी बसवून पोर्टल भरून घ्यायला. आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, तहसीलमध्ये काम केलेले आहेत. फॉर्म भरणं आपल्याला येतं. माझ्यासारखा घमेंडीत राहू नका, दोघांनी तपासा.

आपले सायन्सचे सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या नावाने फलक लावू, असा ठराव मघाशी झाला. जरूर लावू. पण सर फलकाखाली थांबले नसते. ते रविवारी एसटीत बसले असते.

पहिल्या शनिवारी मी येतो आहे. आणखी कोण येतं, त्यांनी जेवणाच्या वेळी मला नाव सांगावं. वही सोबत आणली आहे.