पुस्तिका आणि माणूस



 सुरुवात एका कबुलीनं करते.

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना मी फिजिओथेरपिस्ट म्हणून कित्येक वर्षं बजावत आले, ‘त्या हातानं जड काही उचलायचं नाही हं.’ हात सुजेल ही भीती. आम्हाला शिकवलंच तसं होतं. बायका ऐकायच्या. कळशी, कुकर, नातवंडं सगळं दुसऱ्या हातावर जायचं. खांदा आखडायचा, दंड वाळायचा आणि दोरीवर साडी टाकायलाही लेकीला हाक मारावी लागायची.

२००९ साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या बायकांनी दाब देणारी बाही घालून, आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून सुरुवात करत वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात ताकद आली. माझ्या सल्ल्यानं किती हात निकामी झाले असतील, हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

थकव्याचंही तेच. केमोनंतर रात्रभर झोपूनही अंगात त्राण नसतं आणि घरचे मायेनं म्हणतात, ‘पडून राहा.’ जितकं पडून राहावं तितके स्नायू झिजतात, मग जिना चढतानाही धाप लागते. २०१९च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात: आठवड्यातून तीनदा अर्धा तास झपझप चालणं किंवा तसाच दमसासाचा व्यायाम, आणि जोडीला दोनदा ताकदीचा. त्यानं थकवा, चिंता, नैराश्य कमी होतं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे.

आता २०२५ साली प्रसिद्ध झालेला ‘चॅलेंज’ अभ्यास. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. एका गटाला व्यायाम आणि आहाराची माहिती देणारी पुस्तिका दिली. दुसऱ्याला पुस्तिका दिलीच, शिवाय तीन वर्षं व्यायाम करून घेणारा माणूस दिला. आठ वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले सुमारे ८३ जण हयात होते, दुसऱ्यात ९०. हा निष्कर्ष एका कॅन्सरपुरता आहे आणि व्यायाम केमोची जागा घेत नाही, हे विसरू नका. पण माहिती दोन्ही गटांना होती. फरक पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसानं केला. तो माणूस म्हणजे आपण फिजिओथेरपिस्ट.

आपल्याकडे तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण उदंड आहेत. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो, बोटभरही तोंड उघडत नाही. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा धरून रोज ताणायचं. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. दुखतं. घरी एकटा माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. मोजायला कुणी असलं, तर तो पुढच्या सोमवारी एक काडी जास्त घेऊन येतो.

सरसकट मात्र सगळ्यांनाच पळवू नका. हाडात कॅन्सर उतरलाय का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती, ताप आहे का, हे आधी पाहा. शंका असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारा.

माझी मागणी छोटी आहे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली ‘आराम करा’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे व्यायाम लिहायला लावू या: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, किती किलो. आणि त्याखाली आपल्यापैकी कुणाचा तरी फोन नंबर.