चोळीचा रंग कुणी ठरवला?

(पोस्टर शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी केलेले भाषण)



उद्या सकाळी आपण ब्रश हातात घेणार. त्याआधी चित्रांबद्दल थोडं बोल, असं मला सांगितलं. व्याख्यान देण्यापेक्षा दाखवावं, म्हणून भिंतीवर या प्रती लावल्या आहेत. चहा घेताना तुमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, “किती छान रंग आहेत!” मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. तिथूनच सुरुवात करू.

ही चित्रं रोममधल्या बार्तोलोमेओ पिनेल्लीची. जन्म १७८१, मृत्यू १८३५. नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे या कष्टकऱ्यांच्या वस्तीतला हा माणूस. वडील मातीच्या मूर्ती घडवायचे. १८०९ साली त्याने पन्नास चित्रांचा एक संच काढला आणि मग अशी चित्रं तो आयुष्यभर काढत राहिला. खंजिरीवर साल्तारेल्लो नाचणारी जोडपी, दारूच्या गुत्त्यात बोटांचा जुगार खेळणारे गडी, नाताळाच्या आधी डोंगरातून येऊन मेरीच्या मूर्तीपुढे वाजवणारे मेंढपाळ, चाकू काढलेले पुरुष आणि त्यांना आवरणाऱ्या बायका. संचाच्या नावातच ‘पोशाख’ हा शब्द आहे. विकत घेणारे बरेचसे परदेशी प्रवासी. रोम पाहून घरी जाताना आठवण म्हणून न्यायचे.

पिनेल्लीवर मी तुटून पडणार नाही. तो या लोकांना हसत नाही. त्याच्या बायकांचे दंड बघा, मान बघा, जुन्या रोमन पुतळ्यांसारख्या ताठ उभ्या आहेत. परक्या गिऱ्हाइकासाठी काढलं, तरी आपल्याच गल्लीतल्या माणसांना त्याने मान दिला. हे थोडं नाही.

आता चित्र कसं होतं ते सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात ठेवायचा. जिथे थर खरवडला तिथेच आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर दाबलं की छाप उमटतो. पण तो एकरंगी. लाल, निळा, पिवळा नंतर येतो, एकेका कागदावर, पाण्यात कालवलेल्या रंगाने, हाताने. त्यामुळे एका प्रतीत चोळी लाल असेल आणि त्याच पत्र्यावरून काढलेल्या दुसऱ्या प्रतीत निळी. घेणारा समजतो, अमुक गावची बाई अशी नेसते. खरं तर तो रंग कुंचला धरणाऱ्या हाताने त्या दिवशी ठरवलेला असू शकतो. इंग्लंड-फ्रान्समध्ये या कामावर बायका आणि मुलं मोठ्या संख्येने असत. या चित्रांवर सही आहे ती पिनेल्लीची. रंगवणाऱ्या हाताचं नाव कुठे नाही.

चित्रातल्या बाईचंही नाव नाही. खाली गाव असतं किंवा धंदा.

तिच्या डोक्यावरची घडी घातलेली पांढरी चौकट बघा. प्रवाशाला ती शोभा वाटली. रोमच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावांत बायका तांब्याची घागर डोक्यावरून आणत आणि खाली कापडाची चुंबळ ठेवत. आपल्यातल्या ज्या पाण्याला गेल्या आहेत त्यांना कुणी समजावून सांगायला नको, की डोक्यावरचं कापड सर्वात आधी कशासाठी असतं.

ही चित्रं विकली जात होती त्याच काळात रोमभोवतालच्या सपाट मुलखात मोठ्या जमीनदारांचा गहू कापायला डोंगरातून टोळ्या उतरत. बायका, पुरुष, सगळेच. टोळी आणणाऱ्याला ‘कापोराले’ म्हणत. आपण मुकादम म्हणू. हिवाळ्यात घरात दाणा नसताना तो उचल द्यायचा, उन्हाळ्यात ती अंगावर फेडायची. झोप उघड्यावर, आणि आजूबाजूला मलेरिया. मलेरिया हा शब्दच इटालियन, ‘वाईट हवा’. दोष हवेचा नसून डासाचा, हे विज्ञानाला १८९७-९८ मध्ये कळलं. तोवर किती माणसं परत डोंगर चढली नसतील! पोशाखांच्या चित्रांत कापणीची नाचगाणी सापडतात. ताप आणि उचल सापडत नाही.

पुढे तर उलटंच झालं. चार्ल्स डिकन्सने १८४६ च्या इटलीच्या प्रवासवर्णनात लिहिलंय, की रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर माणसं चित्रकारांची वाट बघत बसलेली असायची, रोजावर मॉडेल होण्यासाठी. त्यातले चेहरे त्याला ओळखीचे वाटले, कारण प्रदर्शनांतल्या चित्रांत ते आधीच पाहिले होते. गावाकडच्या बायकाही तो पोशाख अंगावर चढवून अशा कामाला येत. आधी बाई नेसायची म्हणून चित्र निघालं. नंतर चित्र हवं म्हणून बाई नेसायला लागली. मला यात तिची लबाडी दिसत नाही. ती मजुरी होती, आणि बहुधा कापणीपेक्षा कमी जीवघेणी.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर त्याच रोममधल्या कासानातेन्से ग्रंथालयातली एक चित्रवही सांगते. सोळाव्या शतकातली, पोर्तुगिजांच्या आशियातल्या वावरातून आलेली, ७६ चित्रांची. त्यात गोव्याची माणसंही आहेत. जोडीजोडीने उभी, शेजारी पोर्तुगीजमध्ये लिहिलंय ती कुठली, कोण लोक. नाव तिथेही नाही.

आणि आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मजुरीच्या प्रश्नावर मी एक पोस्टर केलं होतं. नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात विळा, हिरवा पदर वाऱ्यावर. सगळ्यांनी वाखाणलं. गावातल्या सभेत ते लावलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, “ताई, ही कोण?” मी म्हटलं, “तुम्हीच की.” ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “कापायला जाताना पदर खोचतात. आन् वरनं नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, पाती लागतात म्हणून.”

तो शर्ट मला रंगीत वाटला नव्हता, म्हणून मी पाहिलाच नव्हता.

त्या पोस्टरच्या शंभरावर प्रती निघाल्या होत्या. एक अजून माझ्याकडे आहे. ती आज मुद्दाम आणली आहे, पिनेल्लीच्या शेजारी लावते. उद्या काम सुरू करताना दोन्ही समोर राहू देत. आणि चौघी-चौघींच्या गटात जिचं चित्र काढाल तिला आधी विचारा, कामाला जाताना काय घालतेस आणि का. मजुरीचं पोस्टर असेल तर उचल किती घेतली तेही विचारा. ती हो म्हणाली तर खाली तिचं नाव लिहू. नको म्हणाली तर का नको म्हणते, तेही रात्री बसून बोलू. गेल्या खेपेला दोघींनी नको म्हटलं होतं आणि त्यांची कारणं माझ्या पोस्टरपेक्षा जास्त महत्त्वाची होती.