धानाची सवय आणि वांग्याचं रोप
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



"घरच्या भाजीबद्दल दहा मिनिटं बोला," असं सचिवांनी सांगितलं. मी काही कृषी अधिकारी नाही. पण कुंड्यांमध्ये आणि मागच्या भिंतीलगत मी जेवढी रोपं मारली, तेवढी आपल्या सोसायटीत दुसऱ्या कोणी मारली नसतील. त्या अधिकाराने उभी आहे.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. आपली सोसायटीही साधारण त्याच वयाची. आपल्यातले कितीतरी जण आमगाव, गोरेगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव अशा भागांतून इथे आले. गावी घरामागे वाडी होती. वांगी, मिरच्या, सांबार विकत आणायची वेळ क्वचित यायची. इथे फ्लॅट मिळाला आणि वाडी मागे राहिली.

मी लहानपणी आईबरोबर रोवणीला जायची. पऱ्हे टाकायचे, उपटायचे, चिखलात रोवायचे. त्यामुळे वाटलं, रोप लावणं हे काय शिकायचं? बाजारातून वांग्याची आणि टमाटरची उंच, कळ्या आलेली रोपं आणली, भर दुपारी लावली आणि दोन वेळा भरभरून पाणी दिलं. आठ दिवसांत सगळी पिवळी पडून आडवी झाली.

आई आली होती, ती हसली. म्हणाली, "बाई, तू वांगं नाही लावलं, धान लावलं."

तिचं खरं होतं. धानाच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून मुळांपर्यंत हवा जाते. म्हणून धान पाण्यात उभं राहू शकतं. वांग्याची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात आणि सडतात. आपण धानाच्या मुलखातली माणसं, आपला हात पाण्याकडेच आधी जातो. ही चूक मी केली, तुम्ही करू नका.

मग मी काय बदललं, ते थोडक्यात सांगते.

रोप उंच पाहून घेऊ नका. ठेंगणं, जाड खोडाचं, चार-पाच पानांचं घ्या. कळी आलेलं रोप म्हातारं समजा. घरी तयार करायचं तर टमाटर आणि फुलकोबीचं रोप साधारण चार आठवड्यांत लावायला येतं. मिरचीला आणखी एक-दोन आठवडे लागतात. भेंडी, गवार, चवळी, मुळा, गाजर मात्र जागेवरच पेरा. गाजर-मुळ्याचं रोप उपटून लावलं तर मूळ वाकडंतिकडं होतं.

लावायच्या आधी तीन-चार दिवस पाणी थोडं कमी करा आणि रोपाला उन्हाची सवय लावा. लावायचं संध्याकाळी. उचलताना मातीचा गड्डा धरा, खोड चिमटीत दाबू नका. टमाटरचं रोप थोडं खोल लावलं तरी चालतं, कारण पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

कुंडीला खाली भोकं हवीतच. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती. आणि एका मोठ्या कुंडीत वांग्याचं एकच रोप. वरून धानाची तणस पसरा, ओल टिकते. पाणी द्यायच्या आधी मातीत बोट घालून पाहा. बोट ओलं निघालं तर बादली परत न्या. मिरची-टमाटरची पानं आकसून वळली तर ते झाड उपटून टाका. तो रोग पांढरी माशी आणि इतर किडे पसरवतात, एका झाडाच्या मायेपोटी बाकीची जातात.

नवीन माणसाने सुरुवात पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास करावी. आपल्याकडची थंडी कोबी, फुलकोबी, टमाटरला मानवते.

आता एक अवघड गोष्ट. एका मे महिन्यात आपली बोअरवेल आटली होती. घरोघरी पाणी मोजून वापरत होते आणि मी मात्र पहाटे झाडांना नळी लावली. काही जण रागावले. त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हा फार लागलं, पण त्या दिवसापासून माझ्या झाडांना तांदूळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणीच मिळतं. उन्हाळ्यात मी नवीन रोप लावतच नाही.

हे आज सांगायचं कारण आहे. येत्या आमसभेत मागच्या मोकळ्या जागेत पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आहे. गाड्या वाढल्या, मला मान्य आहे. माझ्या मुलाचीही गाडी तिथेच उभी असते. माझी मागणी एवढीच, की पूर्वेच्या भिंतीलगतची वीस फूट लांब, पाच फूट रुंद पट्टी तेवढी मातीची राहू द्या. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन येतं. बोअरचं पाणी मागणार नाही, हे मी सगळ्यांसमोर लिहून द्यायला तयार आहे.

आपली काही मुलं मागच्या वर्षी मला विचारत होती, "काकू, वांगं झाडाला लागते का वेलाला?" धानाच्या जिल्ह्यातली मुलं आहेत ती. ती पट्टी त्यांच्यासाठी मागते आहे.

माझ्याकडे बाल्कनीत तीस-चाळीस रोपं तयार आहेत. जाताना प्रत्येक घराने एक न्यावं. आणि लावायचं संध्याकाळी, विसरू नका.